चटका न बसणारा हात

टेंभुर्णीत सप्त्याच्या पंगतीला भाकरी थापायच्या तर सगुणाबाईच हव्यात. चुलीतले निखारे त्या बोटांनीच सारायच्या. बायका कौतुकानं म्हणायच्या, "बाईच्या हाताला चटकाच बसत न्हाई." सगळं गाव खुळं. चटका कळत नाही, ही काय कौतुकाची गोष्ट आहे?

पुढे बोटांवरचे फोड चिघळू लागले, पंजा वाळला, पीठ मळवेना. सगुणाबाईंनी मनातल्या मनात ठरवून टाकलं, हा महारोग. आपलं ताट आणि तांब्या त्यांनी गुपचूप वेगळा केला, हात पदराखाली घेतला आणि सप्त्याला जाणं सोडलं. लाजेनं बाई अर्धी झाली, पण कुणाजवळ बोलली नाही.

त्यात त्यांच्या मुलाला, मच्छिंद्रला, मुलगी झाली. आजीनं तिला एकदाही मांडीवर घेतलं नाही. सून पायल समजली, सासूला नातू हवा होता. गावही तेच म्हणू लागलं. सगुणाबाईंनी खाली मान घालून ऐकून घेतलं. रोगापेक्षा ही बदनामी त्यांना परवडत होती.

एका सकाळी त्यांनी उकळत्या दुधाचं पातेलं फडक्याशिवाय उतरवलं. कातडी भाजल्याचा वास आला, तेव्हा मच्छिंद्रनं हात ओढून पाहिला आणि त्यांना तडक जालन्याला नेलं.

डॉक्टरांनी हातावर कापूस फिरवला, तो कळला. गरम पाण्याची नळी टेकवली, ती कळली नाही. एमआरआय पाहून ते म्हणाले, "महारोग नाही. मेंदूचा खालचा भाग जन्मापासून मानेत उतरलाय. मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडते आणि मज्जारज्जूत पाणी साचून पोकळी होते; तिनं चटका कळवणारे तंतू निकामी होतात, हातातली ताकद जाते. ऑपरेशननं वाट मोकळी केली की पोकळी बहुधा वाढायची थांबेल. पण गेलेली ताकद सगळी परत येईल असं नाही. इतकं का थांबलात?"

"लाज वाटत व्हती," सगुणाबाई म्हणाल्या.

ऑपरेशनची तारीख घेऊन दोघं घरी आले. सगळं ऐकून पायलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर तिनं येता-जाता टोमणे मारले होते. तिनं पोर सासूच्या मांडीवर ठेवली. हळूच म्हणाली, "आत्याबाई, सकाळपासून किरकिर करून राह्यली. अंग तापलंय का, बघा बरं."

सगुणाबाईंनी तळवा टेकवला. मऊ पोट हाताला कळलं, ऊब कळली नाही. पुन्हा तीच लाज वाटली.

"मला या हातानं समजत न्हाई, बाई," त्या म्हणाल्या आणि वाकून त्यांनी आपला गाल नातीच्या कपाळाला लावला. "तापलीय."