जैवंताबाईंचा डावा हात

"हात अजून गळ्यात काऊन बांधला?" मी विचारलं. जैवंताबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्यानेच दुपट्ट्याची झोळी करून आईचा डावा हात अडकवला होता.

"दुखते म्हणून आराम देऊन राह्यलो, म्याडम," महेश म्हणाला.

हा फ्रोझन शोल्डर. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण आखडतं. दुखतं म्हणून माणूस हात हलवत नाही, आणि हलवत नाही म्हणून तो आणखी आखडतो. मी फिजिओथेरपिस्ट. झोळी सोडायला लावली. भिंतीवर बोटं चढवायची, पुलीची दोरी ओढायची, असे व्यायाम दिले.

पुढच्या खेपेला हात होता तिथेच. बाईंनी घरी काही केलंच नव्हतं. नवरा गेल्यावर महेशने त्यांना धानोऱ्याकडच्या गावातून इकडे ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये आणलं होतं. मी चिडूनच विचारलं, हात बरा करून करायचं तरी काय आहे?

त्यांनी उजव्या हाताने डावा खांदा चोळला. मग म्हणाल्या, "गावी रेलात उभं राहाचं हाये, बाई. बहिणीच्या बाजूले."

रेला हा त्यांचा गोंडी नाच. बाया एकमेकींच्या पाठीमागून कमरेला हात घालून ओळ धरतात, गात पावलं टाकतात. आणि या दुखण्यात हात मागे नेणंच सगळ्यात शेवटी जमतं.

मग भिंत आणि पुली झाली की मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहायचे. हात माझ्या कमरेमागे जाईल तेवढाच न्यायचा, कळ वाढली की थांबायचं. त्या हळू आवाजात गायच्या, मी चुकीची पावलं टाकायचे, त्या हसायच्या. आता त्या घरीही मन लावून व्यायाम करू लागल्या. माझी आई गेल्यापासून कमरेला असा हात कोणी घातला नव्हता. त्या गेल्या की मला आईची फार आठवण यायची.

महेश दारातून बघायचा. "घाई नका करू, म्याडम," म्हणायचा. आईची काळजी, असं मी समजले.

धानकापणी उरकेपर्यंत हात कमरेमागे पोचला. बाई नाचायला गावी गेल्या. फॉलोअपला महेश एकटाच आला.

"नाचल्या का?"

"नाचली. आता तिथीच राहातो म्हणते." तो पुलीच्या दोरीशी चाळा करत बसला. "मले ठाऊक होतं, हात बरा झाला का ते जाणार. थोडं हळू बरं केलं असतं तं चाललं असतं, म्याडम."

पेशंट परत आला नाही म्हणजे काम चांगलं झालं, असं आमच्या धंद्यात मानतात. त्या दिवशी आम्ही दोघंही दाराकडे बघत बसलो होतो.