शंभराच्या आधी बोललो तो मी

ऐंशीच्या दशकात जळगावला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. धुळ्याचा माझा मित्र शाळेत चित्रकला शिकवायचा. आम्ही दोघांनी हौशी रेडिओची परीक्षा बरोबरच दिली आणि दुसऱ्या श्रेणीचा परवाना मिळवला. आता घरबसल्या जगाशी बोलायचं, म्हणून मी दुकानात पेढे वाटले. नियम नीट वाचले ते नंतर. नवख्याला बोलायची परवानगीच नव्हती! आधी मोर्सच्या किल्लीवर टकटक करत शंभर संपर्क करायचे, वहीत नोंदवायचे, समोरच्यांची पोस्टकार्डं पुरावा म्हणून जमवायची. मग माइक.

पुण्यात एक आबा होते, मूळचे आमच्या खानदेशातल्या धरणगावचे, या छंदातले जुने जाणते. आमच्याकडचे नवखे आपली वही आधी त्यांना दाखवायचे. ते हो म्हणाले की मगच अर्ज सरकारकडे जायचा.

एका रविवारी सकाळी मित्र किल्लीवर हाका देत होता. त्याचे अठ्ठ्याण्णव संपर्क झालेले, माझे सत्तर. मला त्याला इतकंच सांगायचं होतं की दुपारी मळ्यात भरीत आहे. पण हे इंग्रजी अक्षरांत ठोकत बसायचं? मागे कळण्याच्या भाकरीचं सांगताना वीस मिनिटं गेली होती आणि त्याला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. मी सरळ माइक जोडला.

"भो, आज भरीत शे. दुपारले मळामा ये!"

माझा अंदाज असा, की या लहरींवर अहिराणी कोणाला कळणार?

लगेच खणखणीत आवाज आला, "भरीत ठीक शे भो, पन तू कोन शे? परवान्याचा क्रमांक सांग!"

आबा! मी यंत्रच बंद केलं.

मी माझा क्रमांक उच्चारला नव्हता. त्याआधी त्या लहरींवर किल्लीने वाजला होता तो फक्त मित्राचा. आबा धरून चालले की किल्लीला कंटाळून तोच बोलला. आठवड्याने त्याला आबांचं कार्ड आलं: 'शंभर व्हायच्या आत बोललात. पहिल्यापासून पुन्हा शंभर करा.'

मित्र कार्ड घेऊन दुकानात आला. माझा आवाज त्याने ओळखला होताच.

"मी तुझं नाव घेणार नाही," तो म्हणाला. "तूच सांग त्यांना."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. माझे शंभर झाले, आबांनी वही तपासली, मला माइक मिळाला. पहिल्याच दिवशी आबा म्हणाले, "आवाज ओळखीचा वाटतो."

"पहिल्यांदाच बोलतोय, आबा."

तेव्हा मित्र दुसऱ्या शंभरातल्या चौतिसाव्यावर होता. पुढे त्याने कधी विषय काढला नाही. त्यामुळे मला आणखीच जड जात राहिलं.

गेल्या महिन्यात धुळ्याला त्याच्या घरी गेलो आणि चहा व्हायच्या आतच सगळं बोलून टाकलं. तो हसत होता. वहिनी मात्र कप घेऊन दारातच थांबल्या.

"म्हणजे वरीसभर पहाटपासून टकटक चालली ती तुमच्यामुळे? भाऊ, माझी झोप गेली त्या वर्षी! आणि हे म्हणायचे, आबांचा गैरसमज झाला."

"चुकलंच, वहिनी."

"मला काय सांगता? पुण्याला लावा फोन."

आबा आता नव्वदीच्या पुढे आहेत. ऐकू कमी येतं, म्हणून मला सगळं दोनदा, ओरडून सांगावं लागलं. शेजारची खिडकीही उघडली.

"तुमचा माइक काढून घ्यायला हवा होता मी," आबा म्हणाले. मग, "तुमचे मित्र आहेत का तिथे? द्या त्यांना. मला माफी मागायची आहे."

मी फोन मित्राच्या हातात दिला.