शेवटच्या बांधीपासून

आमच्या गावच्या तलावाची चावी तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली, ती काही माझ्या हुशारीमुळे नाही. पाणी संस्थेच्या अध्यक्षपदावरून गावातल्या दोन गटांचं जमेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, एखादी बाई करून टाका. सह्या मी करायच्या आणि गेट आमच्या ह्यांनी उघडायचं, हे सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं. मला कुणी विचारलं नाही, आणि चावी मी ह्यांना दिली नाही.

त्या वर्षी पोळ्यानंतर पावसानं तोंड फिरवलं. तलावात जेमतेम एका पाण्यापुरतं उरलं. आमच्याकडे पाणी द्यायची रीत वरून खाली. तलावाच्या मातीच्या पाळीला लागून ज्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, त्यांचा धान आधी भिजतो, आणि उरलं तर पाटानं खाली जातं. पाळीजवळची पहिली बांधी आमचीच. त्यामुळे या रीतीत मला पंधरा वर्षं काही खटकलं नव्हतं, हे कबूल करते.

गेट उघडण्याच्या आदल्या सकाळी मी पाटाच्या काठानं टोकापर्यंत चालत गेले. पाळीजवळ जवळजवळ सगळ्यांचा हलका, लवकर येणारा धान. लोंब्या वाकलेल्या, दाणा टणक झालेला. शेवटच्या बांध्यांत मात्र उशिरा येणारा भारी धान, आत्ता कुठे निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या. तिथे बौद्ध मोहल्ल्यातली माझी मैत्रीण गवत काढत होती. दरवर्षी रोवणीला आम्ही सोबत असतो. तिनं एक लोंबी चिमटीत दाबून दाखवली. दूध भरलंच नव्हतं.

"आठ दिवसांत पानी नाही भेटलं तं दाना नाही, तनसच कापा लागन," ती म्हणाली. पाणी मात्र तिनं मागितलं नाही. मागितलं असतं तर मला निदान भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पाटावरची वरची सगळी तोंडं चिखलानं बुजवून घेतली आणि पाणी थेट शेवटच्या बांधीत सोडलं. पाळीवर माणसं जमली. माझे चुलत भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले चुलतभाऊ, रीतीप्रमाणे माझ्याशी थेट बोलत नाहीत. ते ह्यांच्याकडे पाहून सगळ्यांसमोर म्हणाले, "बायकोले चावी देल्ली म्हनून तलाव का तिच्या माहेरचा झाला?"

लोक हसले. मलाही हसू आलं. माझं माहेर नाकाडोंगरीकडचं, वडील खाणीत कामाला. आमच्या नावावर तळहाताएवढंही शेत नव्हतं.

मग आठवडाभर चक्कीवर आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझाच विषय. कुणी म्हणे मतांसाठी केलं, कुणी म्हणे हिला शिष्टपणा करायची हौस. ह्यांनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. त्याचं मला वाईट वाटलं, फार वाटलं. आमची एक बांधी उशिरा रोवलेली होती, ती पोचट निघाली, म्हणजे ह्यांचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. तरी त्या दिवसांत मला झोप छान लागायची. खालचा धान भरला. मैत्रिणीनं नव्या धानाचे पोहे आणून दिले, ते ह्यांनीही खाल्ले.

पुढच्या बैठकीत मला काढून ह्यांना अध्यक्ष केलं. एकमतानं. आमच्या गावात एकमत होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं.

यंदा पुन्हा पाऊस तसाच गेला. हे सकाळी चावी घेऊन निघाले ते दुपारी परतले, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. नुसतं पाळीपर्यंत जाऊन आलं तर पाय इतके भरत नाहीत. मी बादली पुढे केली. पाय धुता धुता ते म्हणाले की शेवटच्या बांधीतला धान अजून निसवतोच आहे, उद्या खालून सुरू करतो.

मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी उगाच तिखट झाले.

"लोकं काय म्हनतीन?"

"तुले म्हनले थेच," हे म्हणाले, आणि जेवायला बसले.