उसनं मडकं

काढा उकळायचं मडकं आमच्या चीनमधल्या झांगशू गावात कुणी आपणहून परत करत नाही. त्याच्याबरोबर दुखणंही घरात येतं म्हणतात. ज्याचं असेल त्याने मागायला जायचं, तेही घरात कुणी आजारी पडलं तरच. त्यामुळे माझं मडकं सूझेनकडेच राहिलं यात नवल नाही.

सूझेन माझी शेजारीण. बसस्टँडजवळ तिचा शेवयांचा गाडा होता. नवऱ्याला, काँगला, मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तोही यकृतापर्यंत पोचलेला, तेव्हापासून गाडा झाकलेलाच आहे. नानचांग शहरातल्या हॉस्पिटलात केमो आणि घरी म्हाताऱ्या वैद्यांचा काढा. केमोने त्याची बोटं बधिर व्हायची, अन्न बघवत नसे. काढा घेतला की दोन घास जायचे, एवढं मी स्वतः पाहिलंय. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी वैद्यांची चिठ्ठी मागवून एक मुळी कमी करायला लावली आणि वैद्यांनीही तोंड वाकडं न करता ती काढली. त्या दोघांचं जमलं. दमली ती सूझेन.

नवऱ्याला तिने आतड्याला सूज आहे एवढंच सांगितलं होतं. आमच्याकडे रोग्याला असल्या रोगाचं नाव सांगत नाहीत. साऱ्या गल्लीला ठाऊक, ज्याचं दुखणं त्यालाच नाही. मला हे कधी पटलं नाही, पण माझं ऐकतो कोण!

वसंतात डॉक्टरीणबाईंनी सूझेनला बाजूला घेतलं. केमोचा आता उपयोग नाही, त्रास कमी कसा होईल तेवढं बघू, म्हणाल्या. सूझेनने घरी येऊन सांगितलं की सूज उतरली, आता नुसता काढा पुरे. आणि जास्तच उकळायला लागली. शेगडीपाशी उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची, हात चटक्यांनी भरलेले. मी म्हटलं, बाई, त्याच्या आधी तूच आडवी होशील.

"तो पितोय ना अक्का," ती म्हणाली, "मग मी कशी थांबू?"

एका दुपारी ती बाजारात गेलेली असताना काँगने मला हाक मारली. नुसती हाडं उरली होती.

"अक्का, तुझं मडकं मागून ने."

"का? माझ्या घरी कुणी आजारी नाही."

"काढा आता घशाखाली उतरत नाही. तिची पाठ वळली की ओकतो. आणि प्यालो नाही तर ती रडते."

"मग सांग ना तिला तसं."

"ते सांगायचं तर मला सगळं ठाऊक आहे हेही सांगावं लागेल. नानचांगला त्या मजल्यावर केवढी पाटी आहे. मला वाचता येतं."

मला रागच आला. मरणाच्या दारातसुद्धा नवराबायकोला एकमेकांची भीड, आणि निरोप्या कोण, तर मी!

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मडकं शेगडीवरच होतं. मी म्हटलं, "सूझेन, माझं मडकं दे."

ती दचकली. "कोण आजारी आहे, अक्का?"

खोकला झालाय म्हणायचं ठरवून आले होते. पण तसं म्हटलं असतं, तर ही बया माझ्याही घरी काढा उकळायला आली असती.

"कुणी नाही," मी म्हटलं. "काँगने मागायला सांगितलंय."

तिने मडक्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्याला माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

तिने शेगडी बंद केली. काढा मोरीत ओतला, मडकं आतून-बाहेरून घासलं आणि माझ्या हातात दिलं. आता रडेल म्हणून मी थांबले होते. ती रडली नाही. आतल्या खोलीत जाऊन काँगच्या खाटेवर, पायाशी बसली.

"काय खावंसं वाटतंय?" तिने विचारलं.

"काही नको," तो म्हणाला. "तू जरा पड."

ती तिथेच, त्याच्या पायाशी, चपलांसकट आडवी झाली. मी तिच्या चपला काढल्या आणि दार ओढून घेतलं.