पडण्याचे नाव

हे विश्वंभरा, ग्रहताऱ्यांना अधांतरी फिरवणाऱ्या आणि त्यांतला एकही खाली पडू न देणाऱ्या स्वामी, आधी तुझ्या चरणी माथा. पायांना गती तूच देतोस आणि कंठात हाकही तूच ठेवतोस. ती हाक ज्याची त्याला पोहोचती करणे, हेही तुझेच काम. आज अशाच एका हाकेची गोष्ट सांगायची आहे, आणि ती मारणाऱ्या लेकीची.

तिला घरी भिंगरी म्हणत. नाव वडिलांनी ठेवलेले, कारण ही पोर सरळ अशी कधी चाललीच नाही. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचे, तरी गिरकी घेऊन. वडील हसत. आई म्हणे, "पाय टेकव गं जरा जमिनीला! पाहुण्यांच्या अंगावर पडशील एक दिवस."

पुढे आधुनिक नृत्य शिकायला भिंगरी समुद्रापलीकडे निघाली. वडील सामान उचलून फाटकापर्यंत आले. आई आतूनच म्हणाली, "नाचून कुणाचं पोट भरलंय?" आणि भांडी घासत राहिली. ती भांडी आधीच घासून झालेली होती, हे भिंगरीला दिसत होते.

परका मुलूख, परकी बोली. दिवसा ती एका तालीमघराची लाकडी फरशी पुसायची आणि संध्याकाळी त्याच फरशीवर लोळायची, उसळायची, पडायची. हो, पडायचीच! कारण या नृत्यात उडण्याला जेवढा मान, तेवढाच पडण्याला. देह जमिनीला कसा सोपवावा, हे तिथे वर्षानुवर्षे शिकावे लागते. भिंगरी शिकली. नृत्यमंडळीत शिरली, गावोगावच्या रंगमंचांवर नाचली. गुडघ्याने दगा दिला, तेव्हा खचली, रडली, आणि मग दुसऱ्यांच्या देहांतून नाचू लागली. नृत्यरचना करू लागली. टाळ्या मिळाल्या, स्वतःची मंडळी उभी राहिली. रंगमंचावर दिवे लावणारा एक लाजराबुजरा माणूस तिच्या घरातही दिवा लावता झाला.

सारे मिळाले, पण एक तहान राहिली. आई न चुकता फोन करी. "अंग दुखत नाही ना? जावईबापू बरे आहेत? झोप होते का नीट?" सगळे विचारी, नाचाविषयी मात्र चकार शब्द नाही. भिंगरी फोन कानाशी घट्ट धरून बसे. आता विचारेल, आता विचारेल! फोन संपला की नवरा तिच्या तोंडाकडे बघे आणि ती म्हणे, "आवाज नीट येत नव्हता." जगाने तिला शंभर प्रश्न विचारले होते, पण तिला हवा होता आईच्या तोंडचा एकच.

वडील गेल्यानंतर आई थोड्या दिवसांसाठी लेकीकडे आली. जावयाने मोठ्या कष्टाने मराठी पाठ केली होती. सामान घेत तो म्हणाला, "आई, मी आली!"

"आलो म्हणा हो, जावईबापू. आली ती मी."

तेव्हा नव्या नृत्याच्या तालमी चालू होत्या. भिंगरीने जपून विचारले, "येतेस का बघायला?"

"मी काय करू तिथे? तुझं तू बघ."

पण रिकाम्या घरात करमेना, म्हणून एका सकाळी आली. तालीमघर म्हणजे जुने गोदाम. एका भिंतीला आरसा, छताला दिव्यांच्या तारा. आईने दाराजवळची खुर्ची धरली, विणकाम काढले आणि नजर टाक्यांवर रोवली. वर डोळा करून पाहील तर शपथ!

मध्येच एक उंचापुरा नर्तक थांबला. त्याने त्याच्या भाषेत काही विचारले. आईला त्यातले दोनच शब्द कळले, पण ते लख्ख कळले. "आई गं."

सुई थांबली. "काय झालं त्याला? लागलं का?"

"काही नाही गं."

तेवढ्यात दुसरी नर्तकी काकुळतीने बोलली. तिच्याही वाक्यात "आई गं". कोपऱ्यातून तिसरा, "आई गं?"

"अगं, सगळेच्या सगळे कण्हतायत आणि तू उभी काय राहिलीस? डॉक्टरला बोलव!"

शिडीवर दिवे बांधणारा जावई हसता हसता शिडीलाच बिलगला. भिंगरीचे कान लाल झाले.

"आई, ते एका पडण्याचं नाव आहे. गुडघ्यावर पडून कुशीवर जायचं, ते. सुरुवातीला मी शिकवताना पडायचे, गुडघ्यात कळ यायची आणि तोंडातून 'आई गं' निघायचं. यांना वाटलं, मी नाव सांगतेय. आता तो विचारतोय, इथे आई गं एकदाच घ्यायची की लागोपाठ."

"मग सांगायचं नाही होय त्यांना, चुकताय म्हणून?"

भिंगरी आरशाकडे बघत राहिली. "नाही सांगितलं. दिवसभर कुणीतरी तुला हाक मारत असायचं इथे. बरं वाटायचं."

आईने विणकाम गुंडाळले. उलगडून पुन्हा गुंडाळले.

"फोनवर तर म्हणायचीस, अंग दुखत नाही."

"तू तेवढंच विचारायचीस."

"मुद्दाम. नाचाचं विचारलं असतं, तर तू भरभरून बोलली असतीस, आणि मला कळलं असतं की ही आता परत यायची नाही. न विचारता वाटायचं, येईल."

नर्तकांना शब्द कळले नव्हते; ते दोघींकडे आळीपाळीने बघत होते.

आई उठली. खुर्ची स्वतःच ओढत फरशीच्या कडेला आणली. "तिथून गुडघे दिसत नव्हते. हं, कर."

दुखऱ्या गुडघ्यानिशी भिंगरी मधोमध आली आणि पडली. आईचा हात पुढे झाला, थबकला. भिंगरी कुशीवरून वळली, तळव्यावर भार घेत उभी राहिली. आई पुढे वाकून एकटक बघत होती.

"पडलीस ते कळलं," ती म्हणाली. "उठलीस कशी? हात आधी टेकवलास, की पाय?"

देवा, आई परत जाईल, मधला समुद्र तसाच राहील. म्हणून तुझ्यापाशी पदर पसरून मागणे आहे: या लेकीचे गुडघे सांभाळ. त्या माउलीला उदंड आयुष्य दे. शिडीवरल्या जावयाचा तोल आणि व्याकरण, दोन्ही सावर. त्या घरातले दिवे तेवते ठेव, आणि तिथे जो जो पडेल, त्याला उठण्याचे बळ दे. कल्याण असो, कल्याण असो.