गुडघेपारखी साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंइतका दुसऱ्याच्या गुडघ्यांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडणार नाही. लग्नाच्या पंगतीत आपण जिलबीकडे बघतो, हे वाढप्यांच्या पायांकडे. आमच्या मेव्हणीला पाहायला गेले तेव्हासुद्धा म्हणे यांनी आधी दारातल्या तिच्या चपला पाहिल्या. दोन्ही टाचा सारख्या झिजलेल्या दिसल्या, मगच होकार दिला. ती हे त्यांना अजून ऐकवते.

अमरावतीत दरवर्षी कॉलेजच्या पोरांची एक कबड्डी स्पर्धा भरते. सहा संघ, आणि संघवाल्यांनी चिठ्ठीच्या क्रमाने पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलायचा. त्यातल्या एका संघाची निवड साडूभाऊंकडे, आणि त्यांचे कागद सांभाळायला मी. बाकीचे लोक पोरांच्या चढाया मोजतात, पकडी मोजतात. साडूभाऊ पडले बैलबाजारात वाढलेले. त्यांचे वडील जोडी घ्यायचे तेव्हा दाताला हात नंतर लावायचे, आधी बैल चढावर चालवून उतारावर उतरवून बघायचे. तोच कायदा पोरांना. निवडीसाठी सभागृह मुद्दाम दुसऱ्या मजल्यावरचं मागतात आणि स्वतः जिन्याखाली खुर्ची टाकून बसतात. मला म्हणतात, "चढतानी कोनीबी वाघच असते. उतरतानी गुडघा खोटं नाई बोलत." एवढ्यावर भागतं कुठे! पोरांच्या आयांना फोन: "ताई, लहानपणी चिंचेवरून-गिंचेवरून पडला होता काय वो?" एका माउलीला वाटलं स्थळ आलंय. तिने पोराची पत्रिकाच पाठवली.

गेल्या वर्षी त्यांनी आठवडाभर खपून असा संघ उचलला, की एकालाही खरचटल्याची नोंद नव्हती. सातजणांचे चौदा गुळगुळीत गुडघे! पहिल्याच सामन्यात धुव्वा उडाला, तेव्हा कळलं की यातल्या बहुतेकांनी कॉलेजात तीन वर्षं बाकावर बसून काढली होती. ज्याला कधी लागलंच नाही, तो मॅटवर गेलाच नव्हता! मी हसून हसून मेलो. साडूभाऊ शांत. म्हणाले, "हारले, पन सारे धडधाकट घरी गेले ना?"

यंदा मोर्शीचा एक चढाईबहाद्दर आला. दोन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला, ऑपरेशन झालेलं. बाकीच्या पाचही संघांनी कागद वाचून त्याला सोडून दिलं. जिना उतरताना शेवटच्या पायरीवर त्याने डावा पाय जरा जपूनच टाकला.

"दुखते काय बे?" साडूभाऊंनी विचारलं.

"थंडीत दुखते, काका. डॉक्टर म्हनते खेळ, पन ग्यारंटी नाई. कॉलेजचं शेवटचं साल हाय. यंदा कोनी नाई उचललं, तं खेळ सुटला माहा."

साडूभाऊ ग्लासभर पाणी प्यायले. शेवटची पाळी आमचीच होती. त्यांनी त्याचं नाव सांगितलं आणि मी खुर्चीवरून पडता पडता वाचलो.

पण उचललं म्हणजे खेळवलं, असं थोडंच आहे! तीन सामने तो पोट्टा बाकावर बसून, गुडघ्यावर साडूभाऊंची शाल. उपांत्य सामन्यात शेवटची चढाई उरली आणि आम्ही एका गुणाने मागे. पोरगा उठला, शालीची घडी करून साडूभाऊंच्या मांडीवर ठेवली.

"काका, बसवूनच ठेवाचं होतं, तं उचललं कायले?"

साडूभाऊंनी मानेनेच 'जा' म्हटलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

पोरगा गेला. दोघांना शिवला, वळला, आणि मधल्या रेषेच्या वीतभर अलीकडे चौघांनी त्याला दाबला. शिट्टी झाली.

"हारलो," मी म्हटलं.

"ते नाई विचारलं मी. उठला काय?"

उठला होता. डोळे पुसत, पण दोन्ही पायांवर सरळ चालत आला. साडूभाऊंनी डोळे उघडले आणि सुटकेचा असा श्वास टाकला, की जणू आम्हीच जिंकलो होतो.

निघताना क्रीडासंकुलाच्या पायऱ्या आल्या. साडूभाऊ नेहमीसारखे तिरके झाले, कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. कॉलेजात त्यांचाही गुडघा असाच मोडला होता आणि पुढे कोणी त्यांना संघात घेतलं नव्हतं, हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. त्यांची थट्टा करताना मात्र एकदाही आठवलं नाही. मला फार लाज वाटली.

पोरगा मागून आला, दोन पायऱ्या खाली जाऊन थांबला आणि खांदा पुढे केला.

"कोनता, काका?"

"उजवा," साडूभाऊ म्हणाले, आणि कठडा सोडला.