दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही

स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला की मला अजून राग येतो. तेव्हाही मी अफजलपूरच्या बाजारात शेळ्या विकायचे. पहिलटकरीण होते, कळा सुरू होत्या, बाळ आडवं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अक्का, ऑपरेशन करावं लागतंय." मी म्हणाले, "न्हाई." त्यांनी लगेच नवऱ्यापुढे कागद सरकवला. सही मला येत होती, त्याला नाही. त्यानं अंगठा उमटवला. "पोट माझं, अंगठा ह्याचा कामून?" मी ओरडले. "जीव जायलाय अन् भांडायलीस व्हय!" नवरा खेकसला. पोरगी सुखरूप झाली, आज माझ्याहून उंच आहे. पण सौद्यात माझा पहिला शब्द नेहमी "न्हाई" असतो. बोलणं तिथून सुरू होतं. बाईंनी आणखी एकदा मला विचारलं असतं, तर मी "व्हय" म्हणाले असते.